‘सहल’ हा शब्द मराठीत कुठून आला असावा?

प्रश्न
मी सोलापुरात पाचवीला मराठी शिकवते. मुलांना नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल दाखवायला न्यायचे आहे, म्हणून पालकांसाठी सूचना लिहिताना वर ‘शैक्षणिक सहल’ असे शीर्षक दिले. तेव्हा घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलीने सांगितले की तिची आजी याला ‘विहारयात्रा’ म्हणते, आणि लगेच विचारले, ‘बाई, मग सहल कुणाचा शब्द?’ उर्दूत ‘सहल’ म्हणजे सोपे, हे मला माहीत आहे. आपली सहल त्याच शब्दातून आली असेल का?

उत्तर १
बाई, उच्चार सारखा असला तरी माझ्या मते हे मूळ नव्हे. सोपे या अर्थाचा ‘सहल’ हा अरबी शब्द विशेषण आहे, आणि त्यातून फेरफटक्याचा अर्थ काढायचा तर बराच ताण द्यावा लागतो. मला ‘सैर’ अधिक पटते. तोही अरबीच, पण मूळ अर्थ चालणे, जाणे असा असून तो फारसीच्या वाटेने आपल्याकडच्या भाषांत आला. ‘र’चा ‘ल’ होणे नवे नाही. हिंदीत ‘दीवार’ आणि ‘दीवाल’ दोन्ही चालतात, आणि हौसेने फिरणाऱ्याला तिथे ‘सैलानी’ म्हणतात, त्यात तर हा ‘ल’ स्पष्टच दिसतो. राहिला ‘ह’. आपण बोलताना ‘पहिला’चा ‘पैला’ आणि ‘महिना’चा ‘म्हैना’ सहज करतो. त्याच सवयीने, पण उलट दिशेने, ऐकू येणारा ‘सैल’ लिहिताना ‘सहल’ झाला असावा. शिवाय ‘सैर’ स्त्रीलिंगी आणि ‘सहल’ही स्त्रीलिंगी.

उत्तर २
व्युत्पत्तीइतकाच अर्थही पाहण्यासारखा आहे. आमच्या घरी कन्नड बोलतात, आणि कन्नडमध्ये पर्यटनाला ‘प्रवासोद्यम’ म्हणतात. संस्कृतात ‘प्रवास’ म्हणजे घर सोडून दूर राहणे. मराठीत मात्र वाटेवरचे जाणे हाच अर्थ मुख्य झाला, त्यामुळे सोलापूर–पुणे रेल्वेतले चार तासही आपल्याला प्रवासच वाटतात. ‘यात्रा’ म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर संक्रांतीचे नंदीध्वज आणि सिद्धेश्वराचा गड्डा येतो, आणि पंढरपूरला तर कोणी सहलीला गेलो असे म्हणतच नाही, दर्शनाला गेलो म्हणतो. सहलीत कामही नाही आणि नवसही नाही. डबा बांधून निघायचे, मन रमेल तिथे थांबायचे आणि बहुधा संध्याकाळी घरी परतायचे. तेलुगूतल्या ‘विहारयात्रे’त ही मौज ‘विहार’ या शब्दाने आणली आहे, म्हणून त्या आजींचा शब्द मला फार नेमका वाटतो.

जाता जाता सुचवतो. भाषेच्या तासाला जोडूनच सहल काढायची असेल, तर भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलला मुलांना अवश्य न्या. तिथला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ‘सैलानी’मधला ‘ल’ माझ्या ध्यानातच आला नव्हता. सूचनेत ‘सहल’ हाच शब्द ठेवते. उद्या फळ्यावर ‘सैर’, ‘सैलानी’ आणि ‘सहल’ एकाखाली एक लिहीन, आणि शेजारी ‘विहारयात्रा’ तेलुगू लिपीत लिहायला त्या मुलीच्या हाती खडू देईन. कुडलचेही मुख्याध्यापकांच्या कानावर घालते.