स्टालिनच्या शुद्धीकरणाबद्दल आपण सोलापूरकर गप्प का?

पूर्वभागकर: वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. लाल बावट्याखालीच वाढलो, म्हणून घरच्यांनाच विचारतोय. स्टालिननं ‘देशाचे शत्रू’ म्हणत माणसं पकडून मारायची मोहीम काढली, तिलाच शुद्धीकरण म्हणतात. सोव्हिएत पोलिसांच्या स्वतःच्या दप्तरात १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिल्याची नोंद आहे. त्यात सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायही होते. युरोपभर इंग्रजांविरुद्ध राबलेला माणूस रशियात आसऱ्याला गेला आणि २ सप्टेंबर १९३७ ला गोळी खाऊन मेला. आपल्या अभ्यासवर्गात हे नाव कधी ऐकलंत?

दत्तनगरचा लाल: मालक, काळ बघा की. एकीकडे हिटलर, दुसरीकडे जपान. १९३४ ला लेनिनग्राडचा पक्षप्रमुख किरोव्ह याचा खून भर कचेरीत झाला. घरात फितूर असतील तर काय करायचं? चुका झाल्या, मान्य. पण हिटलरला गाडलं ते रशियानंच.

पूर्वभागकर: फितूर किती सापडणार हे आधीच ठरतं का? सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या ३० जुलै १९३७ च्या आदेश क्रमांक ००४४७ मध्ये कुठल्या प्रांतात किती मारायचे, किती छावणीत धाडायचे, याचे आकडे ठरवून दिले होते. खालचे अधिकारी आकडा वाढवून मागायचे! तिघांचं मंडळ निकाल देणार. वकील नाही, अपील नाही.

मंगळवार पेठ: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. मार्शल लॉ सोसलेलं गाव आपलं. दहशत बसवायला माणसं मारणं तेव्हा पटलं नाही, तर मॉस्कोत कसं पटतं?

दत्तनगरचा लाल: हुतात्म्यांना यात ओढू नका. परक्या सरकारनं गुलामांना लटकवणं वेगळं, क्रांती वाचवणं वेगळं.

पूर्वभागकर: कुणापासून वाचवली? १९३४ च्या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनातल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढं अटक झाली. ते काय गिरणीमालक होते? लाल सेनेच्या पाच मार्शलांपैकी तिघे संपवले. लाल सेनेचा सेनापती रोकोसोव्स्की याला १९३७ ला पकडून तुरुंगात मारहाण केली, १९४० ला सोडलं. स्टालिनग्राडला जर्मनांचा वेढा आवळणाऱ्यांत तोच होता. त्याच्यासारखे जे सुटलेच नाहीत, ते १९४१ ला हिटलर चालून आला तेव्हा हवे होते. पुढच्या वर्गात चट्टोपाध्यायांवर मी बोलणार.

दत्तनगरचा लाल: बोला, अडवणार नाही. पण स्टालिनग्राडवर मीही बोलणार, आणि पूर्ण तासभर.