वादळाच्या पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात कशी मागावी?

तापीकाठचा केळीवाला (जळगाव जिल्हा):
मे महिन्यातल्या वादळात माझी निसवलेली केळीची बाग आडवी झाली. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी बांधावर उभे राहून पंचनामा केला व त्यावर माझी सहीही घेतली. मदतीच्या यादीत मात्र माझा गट आलाच नाही. म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ‘माझे नाव का वगळले, याची माहिती द्यावी’ असा अर्ज केला. अठ्ठाविसाव्या दिवशी ‘मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता अपील करावे की नवा अर्ज?

निवृत्त अव्वल कारकून:
भाऊ, उत्तर कोरडे असले तरी कायद्याला धरून आहे. 2005 च्या कायद्यानुसार कार्यालयाच्या अभिलेखात जे आहे तेवढीच माहिती. ‘का’चे उत्तर नव्याने लिहून देण्याचे बंधन त्यात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हेच सांगितले आहे. पण तुमचे ‘का’ बहुधा फाइलमधल्या टिपणीत लिहिलेले असते. तेव्हा नव्या अर्जात तुमच्या गटाचा पंचनामा, गावाची प्राथमिक व अंतिम यादी आणि यादी मंजूर करतानाची टिपणी, यांच्या प्रती नावानिशी मागा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा; वादळाची हकीकत त्यात नको. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्यांचेच काम आहे.

धुळेकर:
अव्वल कारकून साहेबांचे पटते, तरी अर्ज टाकून महिनाभर वाट पाहण्याआधी एक सोपी वाट आहे. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतो. एका कार्यालयात मी असाच बसलो, तेव्हा पंचनाम्यात गट 112 आणि यादीत 121 असे आढळले. म्हणजे आमची मदत अंकांच्या अदलाबदलीत अडकली होती! नव्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करा. तिथेही दाद न लागल्यास 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाता येते.

तापीकाठचा केळीवाला:
दोघांचे आभार. पंचनाम्याचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो आत्ता मोठा करून पाहिला. माझा गट 86 आहे. तिथला दुसरा अंक सहा आहे की शून्य, हे मलाही नीट लागत नाही. सोमवारी सातबारा घेऊनच जातो.