मदत हवी आहे: दुर्बिणीद्वारे होणाऱ्या यकृताच्या शस्त्रक्रियेत त्रिमितीय प्रारूप कसे जुळवावे?

नमस्कार. यकृतातील गाठ दुर्बिणीद्वारे काढताना सर्जनला ती हाताने चाचपता येत नाही. म्हणून सीटी स्कॅनवरून त्रिमितीय प्रारूप बनवून ते आधी व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्ये पाहण्याचा आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवण्याचा प्रयत्न आमचा गट करत आहे. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टल व्हेन (यकृतात रक्त आणणारी शीर) व हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) वेगळ्या करणे जमते, आणि पूर्वतयारीला त्याचा फार उपयोग होतो.

खरी अडचण पुढे आहे. पोटात साधारण १२ ते १५ मिमी पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला की यकृत दबते, श्वासागणिक सरकते आणि त्याचे बंध सोडवल्यावर तर आकारच बदलते. परिणामी पडद्यावर रक्तवाहिनी भलत्याच जागी दिसते, जे माझ्या मते नकाशाच नसण्यापेक्षा घातक आहे.

फाल्सिफॉर्म लिगामेंट (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा बंध) आणि यकृताची खालची कड या खुणांवर केलेली जुळवणी लॅपरोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने (छोट्या छिद्रातून पोटात घातलेल्या सोनोग्राफीच्या उपकरणाने) शस्त्रक्रियेदरम्यान वारंवार दुरुस्त करण्याचा अनुभव कोणाला आहे का? किती मिलिमीटरपर्यंतची चूक आपण सुरक्षित मानता, आणि प्रारूप कोणत्या टप्प्यावर बंद करता, हे कृपया सविस्तर सांगावे.