अतिगरीब कुटुंबाला गाय द्यावी की रोख रक्कम?

ओलावा:
ग्रामीण विकास या विषयातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या अतिगरिबांच्या कार्यक्रमाचा अभ्यास करत आहे. त्यात निवडलेल्या कुटुंबाला गाय किंवा शेळ्या, त्या सांभाळण्याचे प्रशिक्षण, काही काळ निर्वाहभत्ता आणि सुमारे दोन वर्षे नियमित गृहभेटी असे सारे एकत्र मिळते. केनियात मात्र गिव्हडायरेक्टली ही संस्था मोबाइलवरून थेट पैसे पाठवते आणि ते कशावर खर्च करावेत हे सांगतही नाही. पैसे देणे इतके सोपे असेल, तर जनावरे वाटण्याचा खटाटोप कशासाठी, असे माझे मार्गदर्शक विचारतात. यावर पुराव्यानिशी काय म्हणता येईल?

हिशेबनीस:
इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत ब्रॅकच्याच पद्धतीने झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, तेथून सुरुवात करावी. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही लाभार्थी कुटुंबांचा उपभोग (म्हणजे अन्न आणि इतर गरजांवरील खर्च) मदत न मिळालेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या कुटुंबांपेक्षा अधिक होता. अपवाद होंडुरासचा, कारण तेथे बहुतेकांनी कोंबड्या निवडल्या आणि त्यांतील पुष्कळ रोगाने मेल्या. (आपल्याकडील शेळीपालनाच्या योजना पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.) भारतातील प्रयोग पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात बंधन या संस्थेने केला होता. तेथील कुटुंबांचा पाठपुरावा दहा वर्षे चालला, आणि फायदा सातव्या वर्षापर्यंत वाढत जाऊन दहाव्या वर्षीही टिकून असल्याचे आढळले.

पाणंद:
रोख रकमेची बाजूही तितकीच भक्कम आहे. केनियाच्या सियाया परगण्यातील ६५३ गावांत झालेल्या प्रयोगात साडेदहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर मिळाले. तो पैसा स्थानिक दुकानदार आणि कारागिरांपर्यंत पोहोचल्यामुळे ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांचाही उपभोग वाढला. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली, आणि भाववाढ मात्र नगण्य राहिली. एवढा पैसा एकदम गावात आला की महागाई भडकेल, ही भीती तेथे तरी खरी ठरली नाही.

हिशेबनीस:
मान्य, पण किती वर्षांनी मोजमाप केले, हेही पाहावे लागते. उत्तर युगांडात सरकारने २००८ मध्ये तरुणांच्या गटांना व्यवसायासाठी देखरेखीविना अनुदान दिले, तेव्हा चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होती, परंतु नऊ वर्षांनी इतरांनी त्यांना गाठले होते. मधल्या वर्षांत मिळालेले अधिकचे उत्पन्न वाया गेले असे कोणी म्हणणार नाही, तरीही चौथ्या वर्षीच मोजून थांबले असते तर निष्कर्ष पार वेगळा निघाला असता.

कडबा:
माझ्या मते गाय की पैसा यापेक्षा एका वेळी किती दिले, हा प्रश्न मोठा आहे. ब्रॅकच्याच कार्यक्रमातील कुटुंबांची २००७ पासूनची अकरा वर्षांची माहिती तपासणाऱ्या अभ्यासात मालमत्तेचा एक उंबरठा आढळला. मदतीमुळे जी कुटुंबे त्याच्या वर गेली ती पुढे स्वबळावर मालमत्ता वाढवत राहिली, तर जी खालीच राहिली ती हळूहळू मूळ स्थितीकडे घसरली. मिळालेली मदत सर्वांना जवळपास सारखीच होती. काहींकडे आधीपासून थोडे अधिक होते, एवढाच फरक. मदतीची रक्कम ठरवताना लाभार्थ्यांची संख्या फुगवण्यासाठी ती अनेकांत पातळ करून वाटण्याची जी सवय सरकारांना आणि देणगीदारांना लागली आहे, तिच्यावर याहून कठोर टीका मला ठाऊक नाही.

ओलावा:
आभार. मग दोन्हींची थेट तुलना करायची झाल्यास ती कशी मांडावी?

पाणंद:
दरडोई खर्च समान धरून. रवांडात एका पोषण कार्यक्रमाची तुलना तेवढ्याच खर्चाच्या रोख मदतीशी करण्यात आली, तेव्हा बालकांच्या वाढीवर दोन्हींचा विशेष परिणाम दिसला नाही, आणि त्याहून कितीतरी मोठी रक्कम दिलेल्या कुटुंबांत मात्र आहारापासून बालकांच्या उंचीपर्यंत सुधारणा झाली. आपल्या प्रबंधात गृहभेटी देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रवासखर्च गायीच्या किमतीत मिळवा, मगच तेवढी रक्कम रोख दिली असती तर काय झाले असते, हे विचारा. ब्रॅकच्या पद्धतीत हा देखरेखीचा खर्च थोडाथोडका नसतो, आणि मार्गदर्शकांची शंका नेमकी तेथेच लागू पडते.