जूनमध्ये डेथ व्हॅली? सोबत दोन लहान मुलं आणि चंद्रपूरचे आजी-आजोबा

प्रेषक: अरवाइनहून, दोन मुलांची आई
प्रति: समस्त मंडळ

नमस्कार मंडळी,

माझे सासू-सासरे एप्रिलअखेर चंद्रपूरहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. बाबांनी एकच धोशा लावलाय, जगातलं सगळ्यात उष्ण ठिकाण बघायचं! मुलीची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. म्हणून लगेच तीन दिवस कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत आहे. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा.

यादी अशी: बॅडवॉटर, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, वाळूच्या टेकड्या, झॅब्रिस्की पॉइंट, दांतेज व्ह्यू, उबेहेबे क्रेटर आणि ते आपोआप सरकणारे दगड असलेलं रेसट्रॅक. तीन दिवसांत बसेल का? स्ट्रोलर चालेल का? खाण्यापिण्याचं काय करता? उन्हाचं मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "आम्ही अठ्ठेचाळीस पाहिलंय, त्यात काय नवीन?" गाडीला एसी आहेच. तुमचे अनुभव कळवा.

---

प्रेषक: टॉरन्सचे काका

अगं, जूनमध्ये नको. आधी एवढं सांगतो, मग कारणं.

मी नागपूरचा. कूलरचं वाळ्याचं पाणी, खिशात कांदा, दुपारी बारा ते पाच दारं बंद, या सगळ्यात वाढलोय. त्यामुळे तुझ्या सासऱ्यांना काय वाटत असेल ते मला नीट कळतं. आकडाही त्यांच्या बाजूचाच दिसेल. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला जूनचं सरासरी कमाल तापमान ११० फॅरनहाइट आहे, म्हणजे ४३ सेल्सिअस. चंद्रपूरकराला त्यात नवल नाही. पण चंद्रपुरात कडुनिंब आहे, ओसरी आहे, रस्त्यात कुणीतरी पाणी विचारणारं आहे. इथे दोन थांब्यांच्या मध्ये वीस-वीस मैल एक झाड नसतं. हवा इतकी कोरडी की घाम कपाळावर यायच्या आधीच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. मोठ्या माणसाला कळत नाही, तिथे अडीच वर्षांचं पोर काय सांगणार? त्याचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं, आणि ते जमिनीच्याही जास्त जवळ असतं. त्या जमिनीचं तापमान १५ जुलै १९७२ ला २०१ फॅरनहाइट मोजलं गेलंय, म्हणजे जवळजवळ ९४ सेल्सिअस. १० जुलै १९१३ चा हवेचा विक्रम, ५६.७ सेल्सिअसचा, सगळ्यांना पाठ असतो. मुलांना घेऊन जाणाऱ्याने मात्र जमिनीचा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट रात्रीची. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून झोपलं की पहाटे तरी जरा बरं वाटतं. तिथे जुलैत सरासरी किमान तापमानही ३० सेल्सिअसच्या वर असतं. जुलै २०२४ मध्ये तर दिवस-रात्र मिळून महिन्याची सरासरी १०८.५ फॅरनहाइट निघाली.

आणि एसीवर भिस्त ठेवू नका. तिथल्या चढांवर पाट्या आहेत, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. मागच्या सीटवर दोन लेकरं असताना ती पाटी समोर आली तर काय करशील? गाडी बंद पडली तर बहुतेक रस्त्यावर फोनला रेंज नाही. पारा साधारण १२० फॅरनहाइटच्या वर गेला की बचावाचं हेलिकॉप्टरही उडू शकत नाही, कारण तापलेली हवा विरळ होते आणि पंख्यांना उचल मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये याच कारणाने ते एका मोटरसायकलवाल्यापर्यंत पोचू शकलं नाही, आणि तो माणूस गेला. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं उद्यानवाले स्वतः सांगतात.

नोव्हेंबर ते मार्च कधीही जा. मी वीसेक वर्षं थंडीतच जातोय. त्या जागेवर माझा फार जीव आहे, आणि मुलांनी ती प्रेमाने बघावी असं मनापासून वाटतं, म्हणून इतकं लिहिलं.

---

प्रेषक: अरवाइनहून

काका, मनापासून आभार. तुमचा मेल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवला. जमिनीच्या तापमानाचा आकडा आला तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "पोरांना घेऊन नको."

तिकिटं अजून काढलेली नाहीत. शाळेची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आहे. ते १० मार्चच्या सुमारास आले तर जेटलॅगही उतरेल. मार्चअखेर ठीक असतं का? तेव्हा छोट्यांना घेऊन कुणी गेलंय का?

---

प्रेषक: सॅन डिएगोची ताई

आम्ही गेल्या मार्चमध्ये गेलो होतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. मार्चचं सरासरी कमाल ८२ फॅरनहाइट, म्हणजे २८ सेल्सिअस, आणि रात्री स्वेटर लागतो. जरूर जा. फक्त यादी निम्मी कर. दिवसाला दोनच गोष्टी, एक सकाळी, एक संध्याकाळी. मधली दुपार जेवण, झोप आणि पोहण्याच्या तलावासाठी. पहिल्या दिवशी मी चार ठिकाणं ठेवली होती. तिसऱ्याला मुलगी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, आणि चौथ्याला आम्ही मोठे एकमेकांशी बोलत नव्हतो.

मुलांना 'पॉइंट' नको असतो. झॅब्रिस्कीला आम्ही भारावून उभे होतो, आणि मुलगा विचारत होता की इथे काय करायचं. उलट स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर दोन तास कुणी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सूर्य उगवायच्या सुमाराला पोचा. तेव्हा वाळू हाताला गार लागते, आणि रात्रभर कोण कोण फिरून गेलं ते सगळं तिच्यावर उमटलेलं असतं. मुलाला एका किड्याची माग सापडली, दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारखी बारीक ओळ. ती धरून तो चार पायांवर टेकडी चढला, उतरला, आणि शेवटी एका झुडपाच्या मुळाशी ती माग एका भोकात शिरली. तिथे तो पोटावर पालथा पडून वाट बघत राहिला. किडा काही आला नाही. तरी घरी आल्यावर सहलीतलं पहिलं त्याने तेच सांगितलं.

तिथेच माझी चूकही झाली, ती सांगते. मुलं रमली म्हणून आम्ही अकरापर्यंत थांबलो. मुलीचे बूट मी केव्हाच काढून ठेवले होते, आणि कुठल्या टेकडीवर ते आठवेना. पहाटे गार असलेल्या त्याच वाळूवर तिने पाय टेकला आणि किंचाळली. बाबाने तिला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणलं. पाय नुसते लाल झाले होते, संध्याकाळी बरे झाले, पण ते दहा मिनिटांचं चालणं मी विसरणार नाही. बूट पायातून काढू नकोस, आणि नऊ-साडेनऊला परत फिर.

बॅडवॉटरला संध्याकाळी जा. समुद्रसपाटीच्या खाली २८२ फूट. मागच्या कड्यावर खूप उंच 'सी लेव्हल' अशी पाटी लावलीय. मुलाला म्हटलं, समुद्र इथे असता तर पाणी तिथवर आलं असतं. तो मान वर करून बघत राहिला आणि त्याने आपोआप श्वास रोखून धरला. स्ट्रोलर सुरुवातीच्या लाकडी फळ्यांपर्यंत ठीक, पुढे पाठीवरचं कॅरियर बरं.

तुम्ही बेकर गावावरून जाल. तिथे १३४ फुटांचा थर्मामीटर आहे, १९१३ च्या त्या १३४ फॅरनहाइटची आठवण म्हणून तेवढा उंच. मुलं तिथे पाय मोकळे करतील. पेट्रोलची टाकी तिथेच भरून घे, आत महाग आहे. किराणा, दूध, डायपर सगळं त्याआधी वाटेतल्या बारस्टोलाच घे. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, आणि वर एक जादा कॅन गाडीतच ठेवायचा. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घे आणि एक कागदाचाही ठेव. आम्हाला फोनने 'जवळचा रस्ता' म्हणून एका कच्च्या वाटेवर वळवलं होतं. नवऱ्याने पाचशे फुटांवर गाडी मागे घेतली, ते बरं झालं.

फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते. थोरलीला पहिल्याच दिवशी घेऊन दे. पानं पूर्ण केली की रेंजर शपथ देतात आणि बिल्ला मिळतो. आमच्याकडे तो अजून शाळेच्या दप्तराला आहे.

---

प्रेषक: टॉरन्सचे काका

ताईंनी छान लिहिलंय. थोडी भर घालतो.

रेसट्रॅक यादीतून काढ. उबेहेबेपासून २७ मैल धारदार खडीचा रस्ता आहे, टायर फाटतात आणि मदत यायला फार वेळ लागतो. दगडांची गोष्ट थोरलीला गाडीत सांग. थंडीत तिथे उथळ पाणी साचतं, रात्री पातळ बर्फ धरतो, आणि उन्हाने तो फुटला की हलक्या वाऱ्यानेही त्याचे मोठे पापुद्रे दगडांना ओल्या चिखलावरून ढकलतात. शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष होताना पाहिलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं.

सासूबाईंच्या गुडघ्यांना दांतेज व्ह्यू मानवेल. गाडी थेट वर जाते, ५,४७५ फुटांवर, आणि बॅडवॉटर बरोबर पायाखाली दिसतं. वर वारा बोचरा असतो, शाल हाताशी ठेवा.

तुझे सासरे कोळसा खाणीतले ना? मग त्यांना हार्मनी बोरॅक्स वर्क्सला नक्की ने. आपला टाकणखार! १८८३ ते १८८८ तिथे तो काढला जायचा, आणि अठरा खेचरं नि दोन घोडे जोडलेल्या गाड्या तो १६५ मैलांवर मोहावे स्टेशनात पोचवायच्या. सोबत पाण्याची टाकी ओढायला लागायची. जुनी गाडी अजून तिथे उभी आहे. चाकं माणसापेक्षा उंच, मुलं त्यांच्याजवळून हलत नाहीत.

मुलांना आणखी एक आवर्जून सांगावं. 'डेथ व्हॅली' हे नाव १८४९ मध्ये सोन्यासाठी निघून वाट चुकलेल्या लोकांनी दिलं. टिंबिशा शोशोनी लोक मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून राहतायत, आजही फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आहे. त्यांना ही मरणाची जागा वाटत नाही, ते त्यांचं घर आहे.

निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ते तपासा. ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला, तिथे वर्षभरात पडतो तेवढा, आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं.

---

प्रेषक: अरवाइनहून

काका, ताई, तिकिटं काढली! १० मार्चला निघतायत. नवी यादी: पहिल्या संध्याकाळी बॅडवॉटर. दुसऱ्या दिवशी पहाटे वाळू, संध्याकाळी टाकणखाराचा कारखाना. तिसऱ्या दिवशी सकाळी दांतेज व्ह्यू आणि तिथूनच घर. आर्टिस्ट्स ड्राइव्ह मुलं जागी असली तरच. रात्री खोलीबाहेर सतरंजी टाकून आकाश बघायचं, हे आईंनी यादीत घातलंय. चंद्रपुरात वीज केंद्राच्या दिव्यांमुळे हल्ली आकाशगंगा दिसत नाही म्हणाल्या.

एकच अडचण उरलीय. पाठीवरचं कॅरियर तीन दिवसांसाठी विकत घ्यायचं जिवावर येतंय. कुणाकडे आहे का? धाकटा तेरा किलोचा आहे.

---

प्रेषक: सॅन डिएगोची ताई

माझं आहे, अठरा किलोपर्यंत चालतं. उजव्या खांद्याचा पट्टा थोडा सैल होतो, मध्ये एकदा ओढून घ्यावा लागतो. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येते. धाकट्यालाही आण, तिथेच बसवून बघू.