चौकातला ‘महिला दीन’

काना-मात्रा
८ मार्चला आमच्या चौकात भलामोठा फ्लेक्स : ‘जागतिक महिला दीनाच्या हार्दीक शुभेच्छा’. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे लाचार. खाली १५ हसरे चेहरे, त्यात दोन वकील. एकालाही खटकलं नाही! टपरीवर ‘पंचर काडून मिळेल’ लिहिलेलं असतं, ते मला चालतं. त्याचं पंक्चर नीट निघतं. पैसे मोजून लावलेल्या फलकाला माफी नाही.

सांगलीकर
शुभेच्छा पोचल्या ना? वेलांटी बघून कुणी लाचार झालं का? बोलताना दिन आणि दीन वेगळं म्हणतंय कोण! शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम, १९७२ ला आणखी ४. ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, हे बाईंनी छडी घेऊन शिकवलं तरी डोक्यात शिरलं नाही.

काना-मात्रा
कविसंमेलन सोडलं, जा. पण दिन-दीन हे दोन वेगळे शब्द आहेत हो.

वेलांटी
मला फ्लेक्सपेक्षा बड्या कंपन्यांचा राग येतो. ‘खरेदी वर मिळवा’, ‘त्वचे साठी’, ‘घरा जवळ’. हिंदीत ‘खरीद पर’ तोडून लिहितात, म्हणून मराठीचीही मोडतोड. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम त्याआधीचाच. म्हणजे अक्षराची उंची मोजणार, शब्द मात्र कुणी वाचणार नाही.

फ्लेक्सवाला
माझं छपाईचं दुकान आहे, म्हणून बोलतो. मॅटर येतं रात्री ११ ला व्हॉट्सॲपवर, तेही इंग्रजी अक्षरांत. त्यात ‘डी-आय-एन’ असतं; वेलांटी पहिली की दुसरी हे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसलेल्या पोराने ठरवायचं. प्रूफ पाठवतो. गिऱ्हाईक बघतं काय, तर साहेबांचा फोटो मोठा आलाय का. मागे एकदा ‘वाढदीवस’ छापला गेला, बिल पूर्ण मिळालं. एका भाऊंचा फोटो दुसऱ्या रांगेत गेला, तर अख्खा फ्लेक्स फुकट काढून द्यावा लागला.

सांगलीकर
घ्या! चूक कशाला म्हणायचं ते गिऱ्हाईकच ठरवतंय.

काना-मात्रा
म्हणूनच तर दुकानात कुणीतरी वाचणारा हवा.

फ्लेक्सवाला
त्याचा पगार कोण देणार? पुढचं मॅटर तुम्हाला पाठवतो. रात्री ११ ला फोन उचलाल?

काना-मात्रा
साडेदहापर्यंत उचलतो.