आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्याला जुन्या पद्धतीची चामड्याची पेटी करायलोय, कोपरे उभे राहीनात

प्रश्न: आजोबांच्या कॅमेऱ्याची पेटी पार सडली म्हणून तशीच नवी हातानं करायलोय, इथं सोलापुरात बाजारातनं छान मऊ चामडं आणलं, दोनदा कापलं पण पिशवीसारखं लोंबतंय ओ. आत पुठ्ठा घालू का?

उत्तर: पुठ्ठा नको, चामडंच चुकलंय. ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असणार, आकार धरत नाही. कापलेली कड बघा, निळसर-राखाडी दिसली तर बहुतेक क्रोमच. कोल्हापुरी चपलेला असतं तसलं बाभळीच्या सालीत कमावलेलं घ्या, 3 मिमीच्या आसपास जाड. ते पाण्यात भिजवायचं, कॅमेऱ्यापेक्षा जरासा मोठा लाकडी ठोकळा करून त्यावर ताणून बसवायचं, कोपरे बोटानं दाबत राहायचं आणि ठोकळ्यावरच वाळू द्यायचं. सावलीत हां, आपल्या एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर आखडून कडक होईल.

उत्तर: शिलाई मशीनवर मारू नका बरं का. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई, आरीनं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातनं समोरासमोर काढायच्या, एक टाका तुटला तरी दोऱ्याचं दुसरं टोक धरून राहतं. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या, मेणातनं ओढून.

प्रश्नकर्ता: कड बघितली, निळसरच निघाली! ठोकळ्यासाठी उद्याच सुताराकडं जातो.